एक वाकडी तिरंगी

६ जानेवारी, सोमवार
एकच राहिली. बाकी सगळ्या जागेवर.
दिवाळीत मुक्ता बंगळूरहून आली होती, तेव्हा लॅपटॉपवर हा चार मितींचा क्यूब घालून गेली. "आई, तुझ्या शब्दकोड्यांपेक्षा बरा." आठ रंग, आठ ठोकळे, एक फिरवला की भलतीकडचे रंग हलतात. पहिले पंधरा दिवस नुसती डोकेदुखी. मग सोंगट्यांना मी माझी नावं दिली. दोन रंगांची दुरंगी, तीनची तिरंगी, चारची चौरंगी. ह्याच क्रमाने बसवत आले. एक तिरंगी जागेवर आहे, पण वाकडी. चौरंग्या बसवताना सरळ होईल म्हणून सोडली होती. झाली नाही.
हे म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट राहिलं."
शेपूट ओढायला तुम्ही येताय का, विचारलं. पेपरात डोकं घातलं.

८ जानेवारी, बुधवार
सोसायटीच्या कामासाठी म्हात्रे सर आले होते. क्लबहाउसमध्ये मुलांचे क्यूबचे क्लास घेतात तेच. ह्यांनी कौतुकाने त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. मिनिटभर पाहिलं असेल.
"काकू, असं होतच नाही. एकच पीस जागेवर फिरलेला? इम्पॉसिबल. कुठेतरी गडबड केलीय तुम्ही."
म्हटलं, तुमचा क्यूब तीन मितींचा, हा चार.
"लॉजिक तेच ना, काकू. टेन्शन नका घेऊ, नव्याने सुरू करा."
नव्याने. दोन महिने. आणि वर चहा पिऊन गेले.

९ जानेवारी, गुरुवार
सकाळपासून एक जुना शब्द कानात. केअरलेस.
आठवीत माझ्या वर्गातल्या शाहिदाच्या अब्बांनी कुवेतहून क्यूब आणला होता. अख्ख्या शाळेत पहिला. दिवाळीच्या सुट्टीत तिने तो मला दिला. मी जेवताना, अंथरुणात, वेणी घालून घेताना फिरवत होते. शेवटी एक कोपरा राहिला. जागेवर, पण वाकडा. पुन्हा मोडून पुन्हा लावला. पुन्हा तोच कोपरा. सुट्टी संपल्यावर सिस्टर ॲग्नेसना दाखवला. त्या गणित शिकवायच्या, माझ्या लाडक्या. चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, "केअरलेस, चाइल्ड." रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. टर्मच्या रिपोर्टातही तोच शब्द.
दहावीनंतर बाबा सायन्सचा फॉर्म घेऊन आले होते. मी आर्ट्सचा मागितला. कारण कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
शाहिदा उलव्याहून आली, दर वर्षीसारखी, सांदणांचा डबा घेऊन. तिळगुळाचे लाडू ताटात मांडले होते. तिला क्यूब दाखवला, म्हात्रे सरांचं सांगितलं, आणि सहज म्हटलं, तुझ्या त्या क्यूबसारखंच झालंय बघ.
ती हसायला लागली. "अगं बये, तो सुटणार कसा होता? मी चमच्याच्या दांड्याने सगळा उचकटला होता. अब्बांना दाखवायचं होतं, मी सोडवला म्हणून. परत लावत होते, तेवढ्यात अम्मीने हाक मारली, शेवटचा कोपरा कसाही कोंबला. मग फिरवून तुझ्या हातात दिला."
"आणि मला सांगितलं नाहीस?"
"मला वाटलं, तुला कळलं असेल. तू हुशार."
मी ताट उचलून आत नेलं. ती उठली. "जाते गं," म्हणाली. मी ये म्हटलं नाही.
यंदा मी कोणाशी गोड बोलणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार
हे म्हणतात, "आठवीतला चमचा आता काढून काय करायचंय?"
ह्यांना कोणी केअरलेस म्हटलेलं नाही. तीस वर्षं विमा कार्यालयात मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर बरोबरच्या खुणा केल्या, प्रत्येक बेरीज दोनदा. लोक म्हणायचे, बाई चिकट आहेत. चिकट नव्हते. घाबरलेली होते.
सिस्टर आता नाहीत. त्यांना कोण सांगणार?

१७ जानेवारी, शुक्रवार
भाजी फोडणीला टाकताना हातात चमचा होता, आणि तिथेच थांबले.
लॅपटॉपमध्ये चमचा घालता येत नाही.
गॅस बंद करून बसले. प्रोग्राम सुरुवातीला रंग विस्कटल्यापासूनची प्रत्येक चाल लिहून ठेवतो. मागे, मागे, मागे गेले. तास गेला. अगदी पहिल्या चालीच्या मागे आठही ठोकळे एकेका रंगाचे, आरशासारखे स्वच्छ. तिथून पुन्हा पुढे आले. तीच वाकडी तिरंगी. कोणी काही उचकटलेलं नाही. वाट आहे, मी ह्याच वाटेने आले. म्हणजे चार मितींत एकटी तिरंगी फिरू शकते. म्हात्रे सरांचं 'इम्पॉसिबल' त्यांच्या क्यूबपुरतं खरं.
खाली भेटले तेव्हा सांगितलं.
"मग सॉफ्टवेअरमध्ये बग असेल, काकू."
म्हणजे बाईचं बरोबर असण्यापेक्षा मशिनचं चुकलेलं बरं.
भाजी करपली. हे तीच खाऊन उठले.

२४ जानेवारी, शुक्रवार
आल्या वाटेने परत जाणं म्हणजे सोडवणं नव्हे, ते नको. तिची तिला सरळ करायची. आठ चाली सापडल्या, चार जायच्या, चार यायच्या. तिरंगी सरळ झाली आणि कोपऱ्यातल्या तीन चौरंग्या घर सोडून गेल्या. परत आणल्या, तर ही पुन्हा वाकडी. तरी फिरली. माझ्या डोळ्यांसमोर फिरली.
हे सगळ्यात आधी कोणाला सांगावंसं वाटलं, ते लिहीत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
शाहिदाचा फोन. संक्रांतीनंतर पहिल्यांदा.
"सुटला का?"
"नाही."
मग हळू आवाजात, "चमचा घेऊन येऊ?"
हसू आलं. तिला ऐकू जाऊ दिलं नाही.
"तुझा डबा पडलाय इथे," एवढंच म्हणाले. "रिकामा डबा परत देत नाहीत आमच्यात."
"आमच्यातपण नाही देत," ती म्हणाली.
फोन ठेवला. लाडू आहेत अजून, थोडे कडक झालेत. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. रथसप्तमी परवा.
तिरंगी वाकडीच आहे. आज चौरंग्या दुसऱ्या बाजूने नेऊन बघते.