खांद्यावरची कुऱ्हाड

१२ नोव्हेंबर १९९८, ओतूर
यांचा उजवा कोपर सोलवटला. हळद लावली. बाकी धड आहेत, राग तेवढा उतरत नाही.

पिंपरी पेंढारच्या आपल्या रानात आणे पठारावरच्या धनगरांची मेंढरं तीन रात्री बसवली होती, खतासाठी. बोली एक पोतं बाजरीची. मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात शिरली म्हणून हे म्हणाले, अर्धंच देईन. संध्याकाळी त्या धनगरांतल्या ठकूबाईचा मुलगा बिरा आपल्या धान्याच्या दुकानात आला. एक शब्द न बोलता पोतं उचललं. यांनी धरलं, त्यानं ढकललं, हे पडले. पोतं घोड्यावर टाकून तो गेला.

चौकीवर तक्रार दिली. फौजदारांनी विचारलं, त्याच्याजवळ काही होतं का? हे म्हणाले, कुऱ्हाड होती. घाबरलात? घाबरणारच. तसं लिहून घेतलं.

योग्य केलं. दुकान आहे, धर्मशाळा नाही. महिनाभर आत बसेल, वळण लागेल.

१५ नोव्हेंबर
बिरा मढच्या पुढे, घाटाच्या वाटेवर सापडला. पोत्याची शिवणही उसवलेली नव्हती. कुऱ्हाड जप्त.

दुपारी ठकूबाई पायरीवर येऊन बसली. "शेट, पोतं आलं माघारी. आता पोरगं द्या." यांनी पोलिसांकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून, "मंग निदान कुऱ्हाड तरी द्या, ताई. मेंढरांना डहाळा तोडायचा कशानं?" ती सरकारजमा आहे, म्हटलं. तिला ते पटलं नाही. मला वाटलं, ढोंग करते.

२४ जानेवारी १९९९
सुरेश आला होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्याला वकिली करतो. जेवताना विषय निघाला. कलम ऐकून ताटातला हात थांबला त्याचा.

"मावशी, यात कमीत कमी सात वर्षं आहेत. न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी सहा देता येत नाहीत."
हे म्हणाले, "एका पोत्याला?"
"पोत्याला नाही काका, कुऱ्हाडीला."

हत्यार दिसेल असं जवळ असलं की ते वापरलं असंच धरतात म्हणे. धनगराच्या खांद्यावर कुऱ्हाड नसेल तर तो धनगर कसला! पण कलमात धनगर नाही, फक्त हत्यार आहे.

हे पुढं जेवले नाहीत.

६ मे
जामीन दुसऱ्यांदा नाकारला. कारण, आरोपी रानोमाळ फिरणारा, ठावठिकाणा नाही. ठावठिकाणा आता आहे की.

१४ सप्टेंबर, संवत्सरी
दोघांचाही उपास. प्रतिक्रमण झाल्यावर आम्हा जैनांच्या रीतीनं क्षमा मागत सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. शेजारी, जावा, दुकानातला हमाल, ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नाही तो व्याहीसुद्धा. हात जोडून झाले तसे हे जागीच उभे राहिले. "एक राहिला," म्हणाले. कोण ते विचारावं लागलं नाही.

३ ऑक्टोबर
जेलात जाऊन आलो. ठकूबाईला बरोबर घेतलं. पहिल्या गाडीनं निघून दुपारी नंबर लागला. जाळीपलीकडे पंधरा-वीस जण एकदम ओरडून बोलतात, अलीकडे तेवढेच. आपला माणूस कोणता ते आवाजावरून ओळखायचं.

बिरा वाळला आहे. आईनं झोपेचं विचारलं तर हसला. "एकानं कूस पालटली की समद्यांनी पालटायची. न्हाई तर बसून ऱ्हायचं." मग, "वाघरात इतकी मेंढरं कोंडली तर तू मला हाणशील, आये." वाघर म्हणजे मेंढरांना रात्री घालतात ती जाळी. ठकूबाई हसली नाही. कितीजण रं, एवढंच विचारत राहिली. त्यानं सांगितलं नाही.

मग हे पुढं झाले. हात जोडले. जाळीतून म्हणाले, मिच्छामि दुक्कडम्.
"काय म्हणता, शेट?"
"म्हणजे माफ कर. मीही सोडलं."
बिरानंही जाळीपलीकडून हात जोडले. "मी बी सोडलं," म्हणाला. "मग आता घरी जाऊ का?"



५ ऑक्टोबर
सुरेशला फोन. तक्रार मागे घेता येत नाही. तडजोडीत बसणारं कलम नाही. फिर्याद आता आमची नाही, सरकारची आहे. सरकारला संवत्सरी नसते.

म्हणाला, किमान शिक्षेची कलमं वाढत चाललीत, जामीन अवघड, तारखा लांब. माणसं आत जातात, बाहेर येत नाहीत, भिंती आहेत तिथंच. मला आठवलं, मी कॉलेजात असताना वक्तृत्वाला विषय होता, कडक कायदा हवा की नको. मी हवा या बाजूनं बोलले होते. बक्षीस मिळालं होतं. आज विचारलं असतं तर…

१८ फेब्रुवारी २००१
उद्या यांची साक्ष. म्हणतात, मी घाबरलो नव्हतो असं सांगेन. मी म्हटलं, शपथेवर खोटं चालणार नाही. खरं काय ते आधी मला सांगा.

 हे म्हणाले, "कुऱ्हाडीकडे माझं लक्षच नव्हतं गं. पोत्याकडे होतं. फौजदारांनी विचारलं तेव्हा ती आठवली."
"मग तेवढंच सांगा."

१९ फेब्रुवारी
तेवढंच सांगितलं. सरकारी वकिलांनी जुना जबाब वाचून दाखवला. तेव्हा घाबरलो म्हणालात, आता नाही? हे म्हणाले, तेव्हा रागात होतो. वकिलांनी राग बाजूला ठेवला.
"कुऱ्हाड दिसत होती का? हो किंवा नाही."
"खांद्यावर होती."
"म्हणजे दिसत होती."
"दिसत होती."
खरं बोलूनही तिथंच आलो.

९ मार्च
सात वर्षं. आत काढलेली वजा जातील.

न्यायाधीश चांगले माणूस वाटले. निकाल वाचताना चष्मा काढला. आरोपीचं वय, पहिलाच गुन्हा, माल परत मिळाला, फिर्यादीची इच्छा, सगळं ध्यानात घेतलं म्हणाले. परंतु सातपेक्षा कमी करणं माझ्या हाती नाही. ठकूबाईला मराठीत सांगितलेलंही कळलं नाही. "त्यांच्या हाती न्हाई तर कुणाच्या हाय?" मला विचारत होती. मी शिकलेली म्हणून.

२२ ऑगस्ट
जेल भरलं म्हणून बिराला लांबच्या जेलात हलवलं. पत्र आलं, दुसऱ्या कैद्यानं लिहून दिलेलं. तिथंही तसंच आहे. ठकूबाईला एवढं लांब जाणं जमणार नाही. हायकोर्टात अपील सुरेशनं घातलंय, फी घेत नाही. नंबर कधी लागेल विचारलं तर बोलणं बदलतो.

यांनी आज धान्याचं दुकान वर्षभरात विकायला काढू म्हटलं. मी बोलू दिलं. विकणार नाहीत.

१६ नोव्हेंबर २००२
मेंढरं खाली उतरली. ठकूबाई या वर्षीही कोकणात निघाली आहे, भावकीच्या कळपाबरोबर. पुन्हा आपल्याच रानात मेंढरं बसवली. यांनी मागितल्याआधीच पूर्ण पोतं काढून ठेवलं.

न्यायला ती स्वतः आली. नवी कुऱ्हाड खांद्यावर. रस्त्यापलीकडे थांबली, कुऱ्हाड काढून लिंबाच्या बुंध्याला टेकवली, मग रिकाम्या हातांनी रस्ता ओलांडला. हात दोन्ही बाजूंना जरा लांब धरलेले.

"तारीख लागली का, ताई?"
"नाही अजून."
"बरं."

मी म्हटलं, कुऱ्हाड आत घेऊन ये, कुणी उचलून नेईल.
"न्हेऊ द्या," म्हणाली. "आत न्हाई आणत."

हे पोतं उचलायला पुढं झाले. तिनं हात लावू दिला नाही.