गाण्याचा शेवट

१८ नोव्हेंबर २००६, दवनीवाडा

वीज आली की बाबांची धानाची गिरणी सुरू होते, आणि रेकॉर्डही तेव्हाच लावता येते. मग जमीन थरथरते, सुई उडते. आईचं आवडतं गाणं कधी पूर्ण झालंच नाही.

आज रेकॉर्ड प्लेअरच्या फळीखाली कुंकवाच्या तीन उथळ वाट्या ठेवल्या, प्रत्येकीत गिरणीच्या जुन्या बेरिंगची एक गोळी. फळी त्या गोळ्यांवर टेकली: जमीन थरथरली की गोळी हलते, पुन्हा मध्ये येते.

बाबा हसले. "बीएस्सी होऊन गोट्याच खेळून राहिली काय वं?"

घरातली पहिली पदवी. खरंच, कायले शिकले मी?

गिरणी धडधडत होती, सुई उडाली नाही. गोळी हलायची, मध्ये यायची. रेकॉर्ड पाण्यावरच्या होडीत बसल्यासारखी वाटली.

बाबा कोंडा झटकता झटकता थांबले. "याचा शेवट असा हाये काय?"

आई म्हणाली, "मलेही आजच मालूम पडला."