माझ्या नावाचा आजार

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी वेळेवर जेवते, कामावरही जायला लागले आहे. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? दादा तेल लावून देतो का?

फोनवर सांगवलं नाही, म्हणून लिहिते. रक्त तपासायला आम्ही दोघं एकत्र गेलो होतो ना, तेव्हा लॅबमध्ये आमच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. हे गेल्यानंतर आता लॅबवाल्यांनी ते कबूल केलं. मला काहीच झालं नव्हतं. आजार ह्यांना होता.

गोळ्या मात्र मी गिळत होते. हेच रोज सकाळी आणून हातावर ठेवायचे. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "घ्या राणीसाहेब, मला विधुर व्हायची हौस नाही!" जिना चढताना स्वतःला धाप लागली, तर म्हणायचे, वय झालं.

अजूनही सकाळी झोपेतच माझा हात पुढे होतो.

काल सासूबाईंचा फोन आला. ह्यांना आजार होता एवढंच त्यांना कळलंय, अदलाबदलीचं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "औषध वेळेवर मिळत होतं ना गं त्याला?" मी हो म्हणाले. त्या तुझ्याकडे येतील, तुलाही विचारतील. तूही हो म्हण.

तुझी,
धाकटी