विनूचं वेगळं पातेलं

अकोला, सोमवार, ४ मे १९५९

आज सकाळी पाँडिचेरीहून परतलो. विनूची ट्रंक आणली. महिन्यापूर्वी विषमज्वराने गेला माझा मुलगा. तार मिळाली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं.

तो तिथे कॉलेजात शिकवायचा आणि एका फ्रेंच बाईच्या हॉटेलात जेवायचा. ते कळल्यावर मीच लिहिलं होतं, "गोमांस शिजतं तिथे जेवतोस, तर या घरात पाऊल ठेवू नकोस." दोन वर्षं तो आला नाही.

त्या बाईला भेटलो. म्हातारी आहे. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मुलाचं पातेलं वेगळं होतं. मांस नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. कुणाला साखर चालत नाही, कुणाला मीठ. ज्याला जे चालत नाही ते मी घालत नाही." पातेलं दाखवलं. लहानसं, एका माणसापुरतं. हे त्याने मला कळवलं का नाही? कळवलं असेल. पत्रं मीच न उघडता परत पाठवली ना!

त्याच पातेल्यात तिने माझ्यासाठी भात केला. विनूच्या खुर्चीवर बसून मी जेवलो.

आत्ता हिला सगळं सांगितलं. त्या पातेल्याचंही. वाटलं होतं, रडेल. रडली नाही.

"तुमी जेवले तिथं?"

"जेवलो."

"मंग त्याले काहून नाई जेवू देलं?"