उघाडीच्या फळ्या

आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५६

तीर्थस्वरूप रावजीदादास धाकट्या नामाचा शिरसाष्टांग नमस्कार. आई बरी आहे. तिचा खोकला गेला, तोंड मात्र गेले नाही. सकाळी मला उठवते ती शिव्या देऊनच. पांढरी गाय व्याली, कालवड झाली. तू मुंबईहून धाडलेली छत्री मिळाली. पाऊस गेल्यावर मिळाली, पण मिळाली.

एवढे लिहून टाक खाली ठेवला नि अंगणात फेऱ्या मारून आलो. आई म्हणते, "लिवायचं त्ये लिव, गायीचं काय लिवतोस?"

तर सर्वपित्रीला रेवसच्या धक्क्यावरून येणारी सर्व्हिस मोटार आपल्या बांधावर उलटली. समोरून बैलगाडी आली, ड्रायव्हरने मोटार कडेला घेतली, ओली माती ढासळली आणि मोटार खाडीच्या अंगाला चिखलात पालथी झाली. बाकीचे उतारू चिखल माखून बाहेर आले. एक म्हातारा तेवढा अडकला. मोटारीची कड त्याच्या नडगीवर, आणि अमावास्येचे उधाण चढत होते.

बांधातल्या उघाडीच्या दारावर त्या दिवशी राखणीची पाळी माझी होती. बाबांचे बोलणे तुला आठवत असेल. भरतीच्या वेळी घराला आग लागली तरी आधी उघाडीच्या फळ्या बघायच्या, खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. मी फळ्या घट्ट बसल्यात ना ते बघितले आणि मगच धावलो, हे खरे सांगतो.

मिठागरावरचा चंदर आणि आणखी दोघे आले. चिखलात मांडीपर्यंत पाय जात होता. उभे राहायला आधार नाही तर मोटार उचलायची कशी? जवळपास लाकूड म्हणशील तर उघाडीच्या फळ्यांचेच.

काढल्या, दादा. मीच काढल्या. चंदर हात लावीना. चिखलावर अंथरल्या, त्यांवर उभे राहून सगळ्यांनी मोटारीला खांदे दिले. पाणी म्हाताऱ्याच्या हनुवटीला लागले होते. त्याला ओढून बांधावर आणला तोवर फळ्या मोटारीखाली रुतून बसल्या, आणि उघाडीच्या तोंडातून खाडी आत घुसत होती. पोत्यांत माती भरून तोंड बुजवू गेलो, पोती वाहून गेली. बुजले ते उधाण उतरल्यावर.

मधल्या आडव्या बांधाने गावाची शेते राखली. उघाडीच्या तोंडाशी आपली दोन खाचरे. दाणा भरत आला होता. आता पाणी आटले आहे, मातीवर पांढरे फुटले आहे आणि भात उभ्या उभ्या करपले आहे.

तू लिहिले होतेस, कापणीला येतो तो कायमचाच, गोदीला रामराम. आता कापायला काही नाही. पुढल्या पावसाशिवाय मीठ धुतले जाऊ लागायचे नाही, आणि तोवर मी हाताला काय काम लावू? बांधावर जातो, परत येतो, पुन्हा जातो. पानावर बसलो की उठावेसे वाटते.

म्हातारा कोण ते अजून लिहिले नाही. पत्र फाडू नको. तुझे सासरे, काळूराममामा.

होय, तेच. ज्यांनी मागल्या होळीत चारचौघांत तुला सुनावले, "गावात ऱ्हायला येशील तवा बायको ने, माजी पोर तुझ्या घराची राखण कराया न्हाय दिली," आणि गोदूवहिनीला घेऊन गेले. तू म्हणाला होतास, या माणसाला माझ्या दारात पाणी मिळायचे नाही. आज ते तुझ्या खोलीत, तुझ्या घोंगडीवर, पायाला बांबूच्या कामट्या बांधून पडले आहेत. पाणीच काय, आई त्यांना पेज भरवते. भरवता भरवता बोलूनही घेते.

त्यांच्यावरचा तुझा राग मला ठाऊक आहे. पण मी पहिल्या फळीला हात घातला तसे ते चिखलातून ओरडले, "नामा, फली काढू नको! उधाण हाय!" मी म्हटले, "मामा, गप ऱ्हावा." तर शिवी हासडून म्हणाले, "आरं, माज्या पोरीनं खायाचं शेत हाय त्ये!"

पाणी छातीला लागले होते तेव्हा त्यांच्या. तू कायमचा येणार हे त्यांच्या कानावर गेले होते. वहिनीला कोणत्या दिवशी धाडू, हे आईला विचारायला निघाले होते. हे आठवले की मला रडू येते, आणि कुणी बघायच्या आत मी बांधावर जातो.

बापाची सेवा करायला वहिनी दुसऱ्याच दिवशी आली. तिला कुणी राहा म्हटले नाही, तीही राहते म्हणाली नाही. चुलीपुढची जागा मात्र आईने न बोलता सोडली. काल मी दौत काढली तर दाराआडून म्हणाली, "भावजी, कापणी न्हाय ह्ये नका लिवू. तसंच येऊ द्या त्यांना." मी म्हटले, बरे.

पण नाही जमले. तू वळकटी खांद्यावर टाकून बांधावरून येशील, तेव्हा शेत आधी दिसेल, घर मागून. मग फसवल्याचा आळ माझ्यावर नाही, तिच्यावर येईल. म्हणून सगळे लिहिले. मला काय बोलायचे ते इथे येऊन बोल, हवे तर मार.

हाड बसवणारा म्हणतो, तुळशीच्या लग्नापर्यंत मामा चालू लागतील. चालू लागले की वहिनीला घेऊन त्यांच्या घरी परत निघतील. जमिनीला तीन पावसाळे लागतील, पण जमीन कुठे जात नाही, दादा.

कापणी नाही. तरी ये.

तुझा मार खायला तयार असलेला,
नामा