ह्यांचा घास

दादा,

तुला पाळकसाहेब म्हणायला आज जीभ रेटत नाही. रविवारी मी मंडळीसमोर ‘दुःखातला आनंद’ यावर साक्ष द्यावी, हा तुझा निरोप मिळाला. कसली साक्ष देऊ? ज्यांच्या आवाजाने चर्च भरून जायचं, ते तुझे मेहुणे अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द बोलत नाहीत. मी ह्यांचं अंग पुसते, ह्यांना कुशीवर वळवते, भरवते. देवाशी बोलणं मी सोडलंय. जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटते, तीही ह्यांच्यापुरती.

आज दुपारी तीही टाळली आणि चमचा सरळ तोंडाशी नेला. ह्यांनी ओठ घट्ट मिटले. “खायचं तर खा, माझा जीव खाऊ नका!” मी ओरडले. तेव्हा ह्यांनी धड असलेला हात चाचपडत माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. झक मारत मी प्रार्थना म्हटली. ‘आमेन’ म्हणताच ह्यांचा अर्धा चेहरा हसला.

आनंद आमच्या घरात आहे, दादा, पण तो ह्यांच्याकडे आहे, आणि ह्यांना वाचा नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू ते उपदेशात वाचशील आणि सगळे ‘आमेन’ म्हणतील. माझ्या आमेनने सध्या फक्त ह्यांचं तोंड उघडतं.

तुझी,
धाकटी