सर्वानुमते

मी, धंद्याने जाळी विणणारा, वय वर्षे बहात्तर, खारफुटी राखण समितीचा एकवीस वर्षे चिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. असती तर हे नऊ वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

१. राहतं घर पत्नीला. तिच्या हयातीत जावयाने मधली भिंत पाडायची गोष्ट काढू नये.

२. विणायच्या सुया आणि दोऱ्याची रिळं मुलीला. ती माझ्यापेक्षा बारीक विणते, हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही. शिडी धाकट्या भावाला. ती सहा वर्षं त्याच्याकडेच आहे, आता निदान लपवून ठेवावी लागणार नाही.

३. समितीच्या इतिवृत्ताच्या वह्या समितीला परत. त्यातल्या एका पानाबद्दल लिहितो.

माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. मी सभेचं इतिवृत्त सकाळी चहा पितानाच लिहून ठेवत असे. शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. सह्या सभेच्या दारातच घ्यायच्या, म्हणजे मागून कोणाच्या मागे धावायला नको. नऊ वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी बांध घालून त्यावरून रस्ता न्यायचा ठराव होता, त्या दिवशीही तसंच केलं.

थोरली वहिनी, माझ्या वारलेल्या भावाची बायको, त्या खारफुटीत खेकडे धरून जगते. दारात सही करून ती आत आली आणि उभी राहून अर्धा तास बोलली. “बांध घातलात तर आतल्या झाडांना भरतीचं पाणी मिळणार नाही. उभी वाळतील. माझा विरोध लिहा, भाऊजी.” मी मान डोलावली. पान इतकं सुबक झालं होतं की खाडाखोड करवेना. खरं कारण एवढंच आहे.

दोन पावसाळ्यांत झाडं वाळली. वहिनीच्या तक्रारीवरून चौकशीला माणसं आली, त्यांनी वही उघडली. वहिनीची सही. “सही करून आता ओरडते,” असं गाव म्हणालं. तिला समितीतून काढलं. माझ्याकडे बघून तिने विचारलं, “भाऊजी, तुम्ही तरी सांगा.” मी म्हणालो, “वहीत आहे तसं आहे.” त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, जेवताना, विणताना, तिच्या दारावरून जाताना.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर ही कबुली भर सभेत वाचावी, असं मी इथे लिहिलं होतं. वहिनीला मी काही ठेवलेलं नाही, कारण तिने साक्षीदार व्हावं अशी इच्छा होती, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. कच्चा मसुदा घेऊन तिच्याकडे गेलो. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मीच खोटी?” तिने विचारलं. “आणि तब्येत तर तुमची ठणठणीत दिसते.”

सबब वरील सूचना रद्द. परवाच्या सभेत वहिनीलाही बोलावलं आणि मी उभा राहून ही कबुली स्वतः वाचली. मी माफी मागू लागलो तर वहिनी म्हणाली, “ते राहू दे. बांध कधी फोडायचा ते बोला.”

बांध फोडण्याचा ठराव बारा विरुद्ध तीन मतांनी मंजूर. विरोध करणारे तिघे कोण, ते मी सभा चालू असतानाच लिहून घेतलं. त्यात माझा धाकटा भाऊ आहे. शिडी तरीही त्याचीच.

यापूर्वीचं मृत्युपत्र नाही. यानंतर काही बदललं तर तेही खोडूनच बदलीन.

स्थळ: समितीची खोली
दिनांक: सभेनंतरचा दुसरा दिवस
सही: जाळी विणणारा

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या:
१. बोटींचा सुतार
२. थोरली वहिनी. तिने सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: शिडीबाबत माझा विरोध.